रिकामा वेळ घरात कुणाच्या वाट्याला येतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या अध्यात्माच्या पानावर सध्या वाचकांची जी पत्रं येतायत ती मी सगळी वाचतेय. कुणी म्हणतं काम हीच पूजा, वेगळं ध्यानबिन करायची गरजच नाही, कुणी म्हणतं पहाटे उठून तासभर बसल्याशिवाय काही हाती लागणार नाही, आणि एकदोघांनी शून्यावस्थेबद्दल लिहिलंय की मन पार रिकामं करायचं, विचारच येऊ द्यायचे नाहीत. मला यातलं प्रत्येकाचं थोडं थोडं पटतं, कारण तिन्ही गोष्टी लागतातच, हाताला काम, मनाला चिंतन आणि मधे मोकळी जागा. खटकतं ते एवढंच की या तिघांचा तोल कसा सांभाळायचा यावर सगळे भरभरून लिहितात, पण तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात का हे कुणी विचारतच नाही. बहुतेक घरांत एक जण डोळे मिटून बसलेला असतो आणि त्याच वेळी दुसरं कुणीतरी भांडी घासत असतं, आणि हे दुसरं कुणीतरी बहुतेक वेळा बाईच असते. एकाचा तोल साधतो तो दुसरीच्या जिवावर. मला याच्याबद्दलच लिहायचंय.

शून्यापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. शून्यता म्हणजे काहीच नाही, सगळं मिथ्या, कशाशी काही देणंघेणं नाही, असा अर्थ आपण सर्रास लावतो. पण ज्यांनी या विषयाचा सगळ्यात खोलवर विचार केला ते नागार्जुन, साधारण दुसऱ्या शतकातले बौद्ध आचार्य, त्यांनी जवळजवळ उलटंच सांगितलंय. मूलमध्यमककारिका या आपल्या ग्रंथाच्या चोविसाव्या प्रकरणात ते स्पष्ट म्हणतात की जे एकमेकांच्या आधाराने उपजतं, ज्याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. म्हणजे जगातली कुठलीच गोष्ट सुटी, एकटी, आपल्याच बळावर उभी नाही, ती दुसऱ्या कशामुळे तरी आहे आणि ते दुसरंही आणखी कशामुळे तरी. आणि त्याच प्रकरणात थोडं आधी त्यांनी बजावूनही ठेवलंय की शून्यता चुकीची समजून घेतली तर ती मंदबुद्धी माणसाचा घात करते, साप चुकीचा धरला की करतो तसाच.

आता हे घरात आणून बघा. मी शांतपणे आसनावर बसलेय, तर ते आसन कुणीतरी धुतलेलं आहे, खालची फरशी कुणीतरी पुसलेली आहे, पोरं दंगा करू नयेत म्हणून कुणीतरी त्यांना दुसऱ्या खोलीत थोपवून धरलंय, आणि उठल्यावर पुढ्यात जे ताट येणार आहे ते आपोआप येणार नाहीये. माझी शांतता एवढ्या हातांवर उभी आहे. हे ज्याला दिसत नाही त्याने शून्यावर कितीही पुस्तकं वाचलेली असोत, नागार्जुनांच्या अर्थाने त्याला शून्य कळलेलं नाही असं मी ठामपणे म्हणेन. आणि ज्याला ते दिसलं तो काय करेल? तो उठून झाडू हातात घेईल. शून्याच्या चिंतनातून सरळ हातकामापर्यंत वाट जाते, मधे कुठेही उडी मारावी लागत नाही, तरी आपण या दोन गोष्टी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून बसलोय.

बौद्ध परंपरेलाही हे एका दिवसात जमलेलं नाही. भिक्षूंच्या विनयाच्या, म्हणजे आचाराच्या, नियमांत जमीन खणायला बंदी होती, झाडंझुडपं तोडायलाही बंदी होती, भिक्षूंनी भिक्षेवर जगायचं अशीच पद्धत होती. पण पुढे चीनमधल्या ध्यानमठांत भिक्षू स्वतः शेतात राबायला लागले. तिथले बायझांग हुआईहाई नावाचे गुरू, ते वारले ८१४ साली, त्यांची गोष्ट सांगतात की म्हातारपणीसुद्धा ते रोज बाकीच्यांबरोबर कामाला जायचे, शिष्यांना वाईट वाटायचं म्हणून शिष्यांनी एक दिवस त्यांची अवजारंच लपवून ठेवली. म्हाताऱ्याने आरडाओरडा केला नाही, उपदेश केला नाही, फक्त जेवायला नकार दिला. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही, एवढंच. मला ही गोष्ट भारी वाटते ती कष्टाच्या कौतुकासाठी नाही, कष्टाचं कौतुक तर ऊठसूट कुणीही करतं. मला आवडतं ते हे की एवढा मोठा गुरू, ज्याच्या पायाशी बसायला लोक लांबून यायचे, त्याला आपल्या वाटचं काम दुसऱ्याने करावं हे चालत नव्हतं. आपल्याकडे साधना जरा वाढली की पहिली गोष्ट काय होते, तर माणूस पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः उचलेनासा होतो आणि घरचे म्हणतात त्यांना डिस्टर्ब करू नका.

पण याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर माझं पत्र काम हीच पूजा म्हणणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसेल. कामात देव आहे हे वाक्य बहुतेक वेळा तेच बोलतात ज्यांना ते काम करावं लागत नाही. जिचा पूर्ण दिवस ओट्यापाशी आणि मोरीत जातो तिला जाऊन सांगायचं की अगं तुझी तर चोवीस तास साधनाच चालू आहे, तुला वेगळं बसायची काय गरज, हे ऐकायला गोड आहे पण ती लबाडी आहे. तिच्या हाताला काम भरपूर आहे, मोकळी जागा मात्र कणभर नाही. लोक जनाबाईंचं उदाहरण देतात, बघा दळता कांडता देव भेटला. जनाबाईंचे अभंग नीट बघा ना, त्यांत देव नुसता भेटत नाही, जात्याला हात लावतो, जनी झाडलोट करते तर चक्रपाणी केर भरतो, ती शेणी वेचायला गेली की तोही मागोमाग जातो. नामदेवांच्या घरची दासी म्हणवणारी ही बाई, तिने देवाची कल्पना करताना सिंहासनावरचा देव नाही घेतला, कामात वाटेकरी होणारा देव घेतला. ज्यांना जनाबाई उदाहरणासाठी आठवतात त्यांनी केर भरणारा चक्रपाणीही आठवावा एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि गोरोबाकाका. माती तुडवताना नामात इतके तल्लीन झाले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं तरी कळलं नाही, ही कथा आपण लहानपणापासून भक्तीची पराकाष्ठा म्हणून ऐकतो. मी गोरोबाकाकांना मनापासून मानते, त्यांच्या अधिकाराबद्दल एक अक्षरही बोलायची माझी लायकी नाही. पण ही कथा ऐकताना माझं लक्ष कायम त्या आईकडे जातं, जी मुलाकडे लक्ष ठेवा असं सांगून पाणी आणायला गेली होती. म्हणजे तीही कामावरच होती. हातात काम, मुखात नाम, असं दोन्ही एकदम चाललं की झाला समतोल असं आपल्याला वाटतं, पण समोर कोण आहे, पायाखाली काय आहे, याचं भान सुटलं तर त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी फार महत्त्वाचं निसटलेलं असतं. कथेत पुढे देव मूल परत देतो. रोजच्या घरात तसं होत नाही.

भान म्हणजे काय ते मला शिवणात नीट कळतं. तुरपाई करत असताना मन जागेवर असेल तर टाके बारीक आणि सारख्या अंतरावर पडतात, दोरा फार ओढलाही जात नाही आणि सैलही राहत नाही. मन भरकटलं, समजा कुणाचं बोलणं आठवून राग आला, की लगेच टाका लांब पडतो किंवा दोरा इतका आवळला जातो की कापडाला चुणी पडते. काम झाल्यावर कापड उलटं करून बघितलं तर मन कुठे होतं आणि कुठून कुठे गेलं ते सगळं तिथे ओळीने दिसतं. डोळे मिटून बसल्यावर आपण स्वतःला सहज फसवू शकतो की वा, आज छान ध्यान लागलं, अर्धा वेळ डुलकी लागलेली असली तरी. सुईदोऱ्यासमोर ती सोय नाही. म्हणून मला वाटतं की ज्याला खरंच चिंतन करायचंय त्याने दिवसातलं एक तरी हातकाम असं ठेवावं ज्यात चूक लगेच दिसते आणि त्या वेळेला कानात इअरफोन नको, प्रवचनसुद्धा नको. प्रवचन ऐकत भांडी घासली तर भांडीही धड घासली जात नाहीत आणि प्रवचनही धड ऐकलं जात नाही.

आता रिकाम्या वेळाबद्दल, कारण सगळ्यात आधी गळा त्याचाच कापला जातो. रिकामं मन सैतानाचं घर असं आपल्याला इतकं घोकवलेलं असतं की कुणी नुसतं बसलेलं दिसलं की आपल्याला बघवत नाही, आणि स्वतः बसलो तर दोन मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. आळस आणि रिकामेपण यात फरक काय, हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रियस नावाचे ख्रिस्ती तपस्वी होते, त्यांनी एका अवस्थेचं वर्णन लिहून ठेवलंय, त्याला दुपारचा राक्षस असंच नाव आहे. भर दिवसा साधूच्या मनाचा ताबा असा जातो की सूर्य हललेलाच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा वाटायला लागतो, तो सारखा खिडकीतून बाहेर बघतो, जेवणाची वेळ झाली का ते सूर्यावरून मोजतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून इकडे तिकडे डोकावतो. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचून मला धक्काच बसला कारण फक्त खिडकीच्या जागी स्क्रीन ठेवली की झालं, आपलंच आहे. आणि त्यातूनच मला फरकही समजला. आळसात मन बसलेलं नसतं, ते काहीतरी शोधत पळत असतं आणि शरीर फक्त पडलेलं असतं. रिकामेपणात शोधणंच थांबलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून घरातली बाई जरा टेकली की लोकांना वाटतं हिला काम नाही वाटतं, आणि मोबाइलवर तासभर घालवणारा मात्र बिझी वाटतो.

मन रिकामं करायचं म्हणजे विचार बंद पाडायचे, हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याशी मी सहमत नाही. विचार यायचे ते येणारच. माझ्या मते रिकामं व्हायचं ते हिशेबातून, म्हणजे मी एवढं केलं, त्याचं मला एवढं मिळालं पाहिजे, ते कुणी बघितलं का, यातून. त्याच वाळवंटातल्या अब्बा पॉल नावाच्या एका साधूबद्दल जॉन कॅसियन या ख्रिस्ती लेखकांनी लिहून ठेवलंय. हा माणूस वस्तीपासून इतका लांब राहायचा की काही विणून बाजारात न्यायचं तर वाहतुकीचाच खर्च जास्त झाला असता. पोटापुरतं जवळच्या खजुरातून आणि छोट्या बागेतून भागत होतं, म्हणजे विकायची गरजही नव्हती. तरी तो रोज खजुराची पानं गोळा करून ठरलेलं काम करायचाच, गुहा भरायची, आणि वर्ष संपलं की ते सगळं जाळून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा काय वेडेपणा असं वाटलं. मग लक्षात आलं की घरकाम अगदी असंच असतं. घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा खरकटी, पुसलेली फरशी दुसऱ्या दिवशी पुन्हा मळलेली, साठून राहतं असं काहीच नाही. फरक हा की पॉलने ते स्वतः निवडलं होतं आणि जाळायचा हातही त्याचाच होता. जिच्यावर ते लादलेलं आहे तिला याच गोष्टीचा दाखला देऊन गप्प करू नये. पण ज्याने कधीच असं न साठणारं काम केलेलं नाही, ज्याच्या प्रत्येक कामाला पगार, प्रमोशन, कौतुक काहीतरी चिकटलेलंच असतं, त्याने ते रोज थोडं तरी करून बघावं. हिशेबातून रिकामं होण्याची याहून सरळ रीत मला माहीत नाही.

तोल सांभाळण्याबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बाराव्या शतकातल्या आयदक्की लक्कम्मांनी. बसवण्णांच्या काळातल्या शरणांमधल्या, म्हणजे त्यांच्या पंथातल्या शिवभक्तांमधल्या या, त्यांचे नवरे मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, तेच त्यांचं कायक, म्हणजे पूजा मानून केलेलं श्रमाचं काम, आणि त्यातून दोघं इतर शरणांना जेवू घालायची. एकदा मारय्या तत्त्वचर्चेत रमून बसले तर लक्कम्मांनी त्यांना सरळ सांगितलं की कायक थांबलंय, उठा, जा. आणि एकदा ते रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले तर म्हणाल्या की ही हाव राजांना शोभते, आपल्याला कशाला, जास्तीचे तिथेच टाकून या. मला हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून बघायला आवडतं. चिंतन वाढून काम बुडालं तर त्या कामाकडे ढकलतात, काम वाढून साठवण सुरू झाली तर परत पाठवतात. त्यांनी काही वेळापत्रक बनवलेलं नव्हतं, सकाळी एवढे तास हे आणि दुपारी एवढे तास ते असं नाही, त्या दिवशी पारडं कुठे झुकलंय ते बघून बोलल्या. आणि बोलणारी बायको होती, ऐकणारा नवरा होता, आणि त्याने ऐकलं. आजच्या किती साधकांच्या घरी असं बोलता येतं हा प्रश्नच आहे.

तरी घर म्हटलं की काहीतरी ठरवावं लागतंच, नुसत्या समजूतदारपणावर सोडलं की जो आधी करत होता तोच करत राहतो. इथे सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठाच्या नियमावलीतली एक गोष्ट मला उचलण्यासारखी वाटते. त्यात स्वयंपाकघराच्या कामाची आठवड्याआठवड्याची पाळी लावलेली आहे, प्रत्येकाने बाकीच्यांची सेवा करायची, आजारी किंवा फारच जबाबदारीच्या कामात असलेला सोडला तर सुटका नाही, अशक्त असेल त्याला मदतनीस द्यायचा म्हणजे तो कष्टी होऊन काम करणार नाही, आणि आठवडा संपला की ज्याची पाळी संपली त्याने टॉवेल धुवून, भांडी स्वच्छ करून परत द्यायची. त्याच नियमावलीत हातकामाचे तास आहेत, वाचन-मननाचे तास आहेत, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर गप्प पडून राहायची मुभाही आहे. म्हणजे तिन्ही गोष्टी सगळ्यांना, असं नाही की काही जण कायम ध्यानाला आणि काही जण कायम चुलीपाशी. ध्यानाच्या बऱ्याच शिबिरांतही आधी शिबिर केलेलेच साधक पुढच्या शिबिरात स्वयंपाकाची आणि साफसफाईची सेवा करतात, ते मला फार योग्य वाटतं. पण शिबिरात सेवा करणारा माणूस घरी आल्यावर स्वतःचं ताट उचलतो का, हे कुणी विचारावं.

काही जण म्हणतील की आम्ही दिवसभर नोकरी करतो, थकून येतो, ते काय काम नाही का? आहे ना, नक्कीच आहे, आणि ज्यांची नोकरीच अंगमेहनतीची आहे त्यांना तर मी घरी येऊन आणखी राबा असं अजिबात सांगणार नाही, त्यांना पहिला हक्क विश्रांतीचा. पण दिवसभर खुर्चीत बसून डोकं शिणलंय अशा माणसाने ध्यानाला बसण्याआधी पंधरा-वीस मिनिटं केर काढला, कपड्यांच्या घड्या घातल्या, तर त्याचं ध्यान बिघडत नाही, उलट लवकर लागतं असा माझा अनुभव आहे, कारण डोक्यात साचलेलं हातांवाटे थोडं निघून गेलेलं असतं. आणि घरात बाळ असेल, कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर काही महिने चिंतन वगैरे सगळं बाजूलाच राहील आणि त्याबद्दल कुणीही मनाला लावून घेऊ नये. फक्त ते दोघांचंही बाजूला राहावं, एकाचं चालू आणि एकीचं बंद असं नको.

ज्यांच्या घरी हे पटेल त्यांनी मोठं काही करायला नको. जो बसतो त्याने बसायच्या आधी घरातलं एक पूर्ण काम, मदत म्हणून नाही, आपलं म्हणून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावं, म्हणजे भांडी घासली तर सिंकही धुवायचं आणि फडका पिळून वाळतही घालायचा. आणि जी कधीच बसत नाही तिला दिवसातला थोडा वेळ असा मिळावा की त्या वेळेत तिला कुणी हाक मारायची नाही, आणि त्या वेळात ती काय करते हेही विचारायचं नाही. ती जप करेल, झोपेल, नुसती खिडकीपाशी बसेल. तिने ध्यानच करावं अशी अटही घालू नये, अट घातली की तेही एक काम होऊन बसतं.

शेवटी एक विनंती. आपल्या या पानावर आजवर जी पत्रं आली त्यांत ध्यान करणाऱ्यांचा आवाज भरपूर आहे, त्यांच्यासाठी घर सांभाळणाऱ्यांचा जवळपास नाहीच. अशा माणसांना लिहायला वेळच मिळत नसणार, म्हणून आपण लेखी पत्राचा आग्रह न धरता मोबाइलवर बोलून पाठवलेलं, दोन ओळींचं, मोडकंतोडकं कसंही असलं तरी घ्यावं आणि छापावं. त्यांना विचारा की दिवसात तुमचा स्वतःचा म्हणून वेळ किती असतो आणि तो घ्यायला गेलात तर घरातलं कोण पहिल्यांदा हाक मारतं. त्या उत्तरांची मी वाट बघतेय.

आपली,
एक नियमित वाचक